बँडकॅम्प: स्थानिक बँडांचं दुकान आणि दप्तर

चांगली गाणी असलेले छोटे बँड विसरले जातात ते बहुतेक वेळा निव्वळ ढिसाळपणामुळे. पहिला डेमो कुणाच्या तरी ड्राइव्हवर, दोन गाणी मित्राच्या चॅनेलवर, गिगचं (लाइव्ह कार्यक्रमाचं) रेकॉर्डिंग बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये. आणि पाच वर्षांनी बेस कोणी वाजवला होता हे बँडलाही सांगता येत नाही. बँडांना आपली गाणी थेट विकू देणाऱ्या बँडकॅम्प या वेबसाइटची परीक्षा या गोंधळावर घ्यावी. ‘आमचा एक अल्बम इथे किती खपेल?’ याचं उत्तर फारसं उत्साह वाढवणारं नसतं. ‘आमच्या भागात कोण काय वाजवत होतं ते एका जागी नीट लावून ठेवता येईल का?’ याला मात्र ते ठणठणीत ‘हो’ म्हणतं.

सेवा तशी सरळ आहे. २००८ साली सुरू झाली. बँड आपलं पान उघडतो, गाणी चढवतो, किंमत स्वतः ठरवतो. ऐकणारा पूर्ण गाणं फुकट ऐकतो आणि आवडलं तर फाइल विकत घेतो. फाइलला कुलूप नसतं. एमपी३, एएसी, ऑग, फ्लॅक, वॅव्ह यांपैकी हव्या त्या फॉरमॅटमध्ये आणि पुन्हा पुन्हा उतरवून घेता येते. त्याच पानावर कॅसेट, सीडी, रेकॉर्ड, टी-शर्टही विकता येतात. फक्त पॅकिंग आणि पोस्टाचं काम ज्याचं त्याने करायचं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो: स्थानिक संगीतासाठी आज याहून बरी जागा नाही. पण ही जागा श्रोते आणून देत नाही. आलेल्या श्रोत्याला धरून ठेवते, आणि तेही कुणीतरी बसून कारकुनी केली तरच.

पैशाचं गणित

डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प १५ टक्के घेतं. १२ महिन्यांत विक्री ५,००० डॉलरपर्यंत पोचली की हा वाटा १० टक्क्यांवर येतो. कॅसेट, रेकॉर्ड, कपडे अशा वस्तूंवर सुरुवातीपासूनच १० टक्के. पैसे पोचवणाऱ्या कंपनीचं शुल्क वेगळं. ते दर व्यवहारामागे थोडी ठरावीक रक्कम अधिक काही टक्के असं असतं, त्यामुळे एकेक सुटं गाणं अगदी स्वस्तात विकलं तर त्यातलं बरंचसं या शुल्कातच जिरतं. चार-पाच गाण्यांचा ईपी (छोटा अल्बम) एका किमतीला विकणं म्हणूनच परवडतं. सगळं वजा जाता सरासरी ८२ टक्के रक्कम कलाकाराच्या किंवा लेबलच्या (गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीच्या) हातात पडते, असा कंपनीचा स्वतःचा हिशेब आहे.

तुलनेसाठी: स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं १२ महिन्यांत किमान १,००० वेळा वाजल्याशिवाय त्याला रॉयल्टीच लागू होत नाही. ज्या बँडचे हक्काचे श्रोते साठ-सत्तर आहेत त्याला तिथून शून्य मिळतं. तेच साठ-सत्तर लोक इथे एकेक ईपी घेतील तर पुढच्या रेकॉर्डिंगचं स्टुडिओ भाडं निघू शकतं. अर्थात स्पॉटिफाय सोडून द्या असं कुणी म्हणत नाही. तिथे ओळख होऊ द्या, इथे व्यवहार.

‘हवी ती किंमत द्या’ हा पर्याय छोट्या बँडांनी जरूर वापरावा. किमान किंमत शून्य ठेवायची आणि फुकट घेणाऱ्याकडून ईमेल पत्ता मागायचा. दर महिन्याला २०० मोफत डाउनलोड मिळतात. एखाद्या गाण्याचा अचानक बोलबाला झाला तर हा साठा दोन दिवसांत संपतो, म्हणून आकड्यावर लक्ष हवं. किमान किंमत ठेवलीत तरी ‘जास्त द्यायचे असतील तर द्या’ ही खूण काढू नका. आवडत्या बँडला ठरलेल्यापेक्षा जास्त देणारे लोक इथे खरोखर असतात.

आता बँडकॅम्प फ्रायडे. २० मार्च २०२० रोजी, गिग बंद पडले असताना, कंपनीने एक दिवस आपला वाटा सोडला आणि त्या एका दिवसात ४३ लाख डॉलरची खरेदी झाली. तेव्हापासून ही प्रथाच पडली. तारखा आधी जाहीर होतात, दर महिन्याला हा दिवस असतोच असं नाही, आणि दिवस मोजला जातो अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्र ते मध्यरात्र. भारतात म्हणजे शुक्रवारची दुपार ते शनिवारची दुपार. सकाळी उठून ‘आज खरेदी करा’ असा मेल पाठवणारा बँड पहिल्या काही तासांच्या विक्रीवर नेहमीचा वाटा देऊन बसतो.

नवा अल्बम नेमका त्याच दिवशी काढायचा हा सल्ला सर्रास दिला जातो. तो छोट्या बँडने ऐकू नये. त्या दिवशी प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये मेलचा ढीग असतो, अनोळखी नाव कोण उघडणार? आठ-दहा दिवस आधी काढा, लोकांना ऐकू द्या, आणि शुक्रवारी दोन ओळींची आठवण पाठवा.

पैसे घेण्यासाठी पेपॅल खातं लागतं. आपल्या देशात त्यावर परदेशातून पैसे येतात का, देशातल्या देशात येतात का, हे पान उघडण्याआधी तपासा. पेपॅलचे नियम देशागणिक बदलतात, आणि याच पायरीवर अनेक स्थानिक पानं अर्धवट पडून राहतात.

फाइल चढवताना

बँडकॅम्प वॅव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काही न गाळणारे फॉरमॅट, एवढंच स्वीकारतं. एमपी३ घेत नाही, आणि ते बरंच आहे. हातात फक्त एमपी३ असेल तर ती वॅव्हमध्ये बदलून चढवण्याची पळवाट सगळ्यांना सुचते. करू नका. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं कापलेलं असतं. आवाजातले उंच-नीच स्वर चित्रात दाखवणाऱ्या स्पेकसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल टाकली की तिथे सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसते. फ्लॅक विकत घेणारे लोक असलं तपासणारेच असतात. मूळ फाइल खरंच हरवली असेल तर पानावर तसं लिहा. लोक समजून घेतात.

एका ट्रॅकला सुरुवातीला २९१ एमबीची मर्यादा असते, थोडी विक्री झाली की ती ६०० एमबी होते. १६ बिट/४४.१ किलोहर्ट्झ स्टीरिओ वॅव्ह मिनिटाला साधारण १० एमबी खाते, म्हणजे २९१ एमबीत सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं बसतात. २४ बिट/९६ किलोहर्ट्झला मिनिटाला सुमारे ३५ एमबी लागतात, तिथे आठ मिनिटांतच हद्द संपते. लांबलचक लाइव्ह जॅम चढवायचं असेल तर फ्लॅक करून चढवा. आकार बहुधा निम्म्यावर येतो आणि आवाजातलं काहीही जात नाही.

पानावर फुकट ऐकू येणारं गाणं १२८ केबीपीएस एमपी३ असतं. याचा फटका झांजांना आणि प्रेक्षकांच्या टाळ्यांना बसतो, दोन्ही पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येतात. मास्टर (गाण्याची अंतिम फाइल) अगदी शून्य डेसिबलला टेकवलेलं असेल तर एमपी३ होताना शिखरं आणखी वर जातात आणि चरचर येते. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं सर्वोच्च शिखर, उणे १ डेसिबलवर थांबवलं की हा त्रास जवळपास संपतो. गाण्यागाण्यांतला आवाजाचा चढउतारही बँडकॅम्प आपणहून सारखा करत नाही. एकट्या बँडच्या अल्बमला ते चालून जातं. दहा बँडांच्या संकलनात मात्र तिसऱ्या गाण्याला कान दाबायचे आणि चौथ्याला आवाज वाढवायचा, अशी पाळी येते. लाउडनेस मीटरवर सगळे ट्रॅक दोनेक एलयूच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आत आणा, मग शेवटचं कानाने ठरवा. शांत अकूस्टिक गाणं आकड्याने मेटलइतकं केलं तर भलतंच मोठं वाटतं. ते दीड-दोन डेसिबल खालीच शोभतं.

स्थानिक दप्तरात लाइव्ह रेकॉर्डिंगच जास्त येणार, त्यामुळे त्याबद्दल थोडं. छोट्या हॉलमध्ये साउंडबोर्डमधून, म्हणजे कार्यक्रमाच्या मिक्सरमधून, घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा आवाज पुढे आणि गिटार-ड्रम गायब, असं होतंच. कारण साधं आहे: गिटारचे अँप आणि ड्रम खोलीत मुळातच मोठ्याने वाजत असतात, मिक्सरमधून ते फारसे द्यावेच लागत नाहीत. म्हणून हॉलमध्ये एक छोटा रेकॉर्डर ठेवून दोन्ही मिसळतात. मिसळताना वेळ जुळवावी लागते. आवाज दर मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. रेकॉर्डर स्टेजपासून १० मीटरवर असेल तर त्याचा ट्रॅक जवळपास ३० मिलिसेकंद मागे पडतो आणि स्नेअर ड्रम दोनदा वाजल्यासारखा लागतो. त्याचा ट्रॅक तेवढा आधी, म्हणजे टाइमलाइनवर डावीकडे, सरकवा. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन यंत्रांची घड्याळं हळूहळू फटकतात, म्हणून सुरुवातीला जुळवून मोकळं होऊ नका. प्रत्येक गाणं वेगळं कापून वेगळं जुळवा.

कव्हरचं चित्र किमान १४०० बाय १४०० पिक्सेल लागतं. ३००० ठेवलंत तर पुढे कॅसेटच्या जे-कार्डला (डबीतल्या छापील कागदाला) तेच वापरता येईल. आणखी एक: गाण्याचं किंवा अल्बमचं नाव पूर्ण देवनागरीत दिलं तर पानाच्या पत्त्यात नावाऐवजी नुसत्या रेघा आणि आकडे उरण्याची शक्यता असते. शीर्षक देवनागरीतच ठेवावं, पण प्रकाशित करण्याआधी पत्त्याची ओळ बघून घ्यावी. रेघांचा पत्ता पोस्टरवर छापता येत नाही.

सगळ्यांचा मिळून एक टॅग

खरं काम इथून सुरू होतं. बँडकॅम्पच्या डिस्कव्हर पानावर प्रकार, ठिकाण आणि माध्यम अशा चाळण्या लावता येतात: अमुक शहरातलं, पंक, फक्त कॅसेट. स्थानिक संगीताच्या दृष्टीने अख्ख्या सेवेतली ही सर्वात मोलाची सोय, आणि बँडच तिची वाट लावतात. एक बँड शहराचं नाव देतो, दुसरा उपनगराचं, तिसरा गंमत म्हणून ‘पृथ्वी’ किंवा ‘तळघर’. बाहेरचा माणूस शहराचं नाव लावून बघतो तेव्हा त्याला वीसपैकी चारच बँड दिसतात.

उपाय फुकट आहे. सगळ्या बँडांनी बसून प्रोफाइलमधलं ठिकाण एकच निवडायचं, आणि गावाच्या नावाचा टॅग रोमन लिपीत एकाच स्पेलिंगने प्रत्येक अल्बमला लावायचा. दोन स्पेलिंगं प्रचलित असतील तर दोन्ही लावायची, पण सगळ्यांनी. प्रकाराच्या टॅगमध्ये हात आखडता घ्यावा. ‘रॉक’, ‘इंडी’, ‘अल्टरनेटिव्ह’ या समुद्रात कुणी कुणाला सापडत नाही. ‘सर्फ’, ‘डूम’, ‘फील्ड रेकॉर्डिंग’ असा एक नेमका टॅग त्याहून जास्त उपयोगी पडतो, कारण तो टॅग धुंडाळणारे लोक रोज येऊन नवीन काय आलं ते बघतात.

दुसरी गोष्ट म्हणजे संकलन. स्थानिक संगीताची ओळख करून द्यायला दहा-बारा बँडांचं एकेक गाणं असलेला अल्बम याहून सोपा रस्ता नाही. प्रत्येक बँड आपापल्या लोकांना घेऊन येतो आणि ते लोक बाकीच्या नऊ बँडांना भेटतात. करायचं कसं? प्रत्येक बँडकडून २४ बिट वॅव्ह मागवा. सोबत एक कागद: गाण्याचं नाव, बँडचं नाव जसं छापायचं तसं, कोणी काय वाजवलं, कुठे रेकॉर्ड झालं, कोणत्या साली, शब्द कोणाचे. हा कागद आल्याशिवाय गाणं यादीत घेऊ नका. गाणं मिळतं, कागद मिळत नाही, आणि मग ‘नंतर टाकू’ म्हणून राहिलेली नावं कधीच पडत नाहीत. बँडकॅम्पवर प्रत्येक ट्रॅकला स्वतःचं पान असतं, त्यात शब्द, श्रेय, टॅग, चित्र सगळं वेगळं देता येतं. बहुतेक लोक अल्बमच्या पानावरच थांबतात. तसं करू नये. पुढे कुणी त्या ड्रमरचं नाव शोधेल तेव्हा ते ट्रॅकच्या पानावर असेल तरच सापडेल.

संकलनाचा सगळा पैसा एकाच खात्यात जमा होतो. वाटणी हाताने करावी लागते आणि भांडणं इथेच होतात. आधी लेखी ठरवा: बँडांना समान वाटा, की रक्कम पुढच्या गिगच्या साउंड भाड्याला, की एखाद्या कामाला देणगी. गाण्याचे हक्क बँडकडेच राहतील आणि त्याने म्हटलं की गाणं काढून टाकलं जाईल, हेही त्याच मेलमध्ये. कव्हर गाणी संकलनात नकोतच. चढवणाऱ्याकडे हक्क असावेत ही बँडकॅम्पची अट आहे, आणि एका गाण्याच्या तक्रारीने अख्खं संकलन अडचणीत येऊ शकतं.

एक तांत्रिक खोच आहे. अनेक जण ट्रॅकच्या शीर्षकातच ‘बँड - गाणं’ असं लिहून मोकळे होतात. पानावर ते छान दिसतं, पण उतरवलेल्या फाइलमध्ये कलाकार म्हणून सगळीकडे संकलन करणाऱ्याचंच नाव येतं आणि ऐकणाऱ्याच्या प्लेअरमध्ये दहा बँडांचा एकच बँड होतो. चढवताना ट्रॅकचा कलाकार वेगळा भरता येत असेल तर तिथेच भरा. आधीच उतरवलेल्या फाइली दुरुस्त करायच्या तर एमपी३टॅग या प्रोग्रॅममध्ये ‘गेस व्हॅल्यूज’ ही क्रिया घ्या, स्रोत म्हणून शीर्षक द्या आणि नमुना म्हणून ‘कलाकार - शीर्षक’. अख्खा अल्बम एका फटक्यात सरळ होतो.

संकलन लागल्यावर आकडेवारीचं पान बघायला विसरू नका. गाणं शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये सोडलं की सुरुवातीलाच उडवलं, हे तिथे वेगवेगळं दिसतं. उडवण्याचं प्रमाण एखाद्याच गाण्याला जास्त असेल तर बहुतेक वेळा दोष सुरुवातीच्या चाळीस सेकंदांच्या इंट्रोचा असतो. क्रम बदला, गाणं बदलू नका.

दुसऱ्याच्या कपाटात डोकावणं

ज्यांना स्वतः काही विकायचं नाही, नुसतं भलतंसलतं शोधायचं आहे, त्यांच्यासाठी हे ठिकाण वेगळ्याच कारणाने व्यसन लावतं. प्रत्येक अल्बमखाली तो विकत घेतलेल्यांची छोटी चित्रं दिसतात. कुणावरही टिचकी मारा, त्या माणसाचा पूर्ण संग्रह उघडतो, जो त्याने पैसे देऊन जमवलेला असतो. यंत्राने सुचवलेल्या यादीपेक्षा याचा भरवसा कितीतरी जास्त.

पद्धत अशी. तुम्हाला फार आवडलेला पण कमी खपलेला अल्बम निवडा. लोकप्रिय अल्बमचे हजारो खरेदीदार काहीच सांगत नाहीत. तीसच लोकांनी घेतलेल्या कॅसेटचे तीस लोक बरंच सांगतात. त्यांतले ज्यांनी एक ओळ अभिप्राय लिहिलाय ते आधी बघा. ज्याच्या संग्रहात तुमच्याकडचे तीन-चार विचित्र अल्बम आहेत त्याला फॉलो करा. त्याने काही घेतलं की तुमच्या फीडमध्ये येतं. आणि विशलिस्ट बघायला चुकू नका, माणसाची खरी हाव तिथे कळते.

माध्यमाच्या चाळणीत फक्त कॅसेट निवडून एखाद्या अरुंद टॅगमध्ये शिरलात तर पन्नास प्रतींची छोटी लेबलं भेटतात. डंजन सिंथ नावाचा प्रकार घ्या: जुन्या काल्पनिक खेळांच्या तळघरांसारखं, स्वस्त कीबोर्डवर एकट्याने केलेलं मध्ययुगीन थाटाचं संगीत. रेडिओवर तो कधीच लागणार नाही, इथे त्याची नांदती वसाहत आहे. व्हेपरवेव्हचंही तसंच, जुन्या मॉलमधलं पार्श्वसंगीत संथ करून वाजवलेला तो विनोद कधी गंभीर झाला ते कळलंच नाही.

पुनःप्रकाशन करणारी लेबलं हा दुसरा खजिना. ‘ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका’ हा २००६ साली सुरू झालेला, बाजारात सापडलेल्या कॅसेट ऐकवणारा खटाटोप. पुढे त्याचं लेबल झालं आणि नफ्यातला निम्मा वाटा कलाकाराला द्यायचा असं त्याने ठरवलं. इथिओपियाचे कीबोर्डवादक हैलू मर्गिया वॉशिंग्टनमध्ये टॅक्सी चालवत होते. १९८५ची त्यांची एक कॅसेट या लेबलने २०१३मध्ये पुन्हा काढली आणि ते परत दौऱ्यावर निघाले. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलंडच्या टीबी-३०३ (बेस सिंथ) आणि टीआर-८०८ (ड्रम मशीन) वर रागांचा डिस्को केला, तेव्हा त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. २०१०मध्ये तो पुन्हा निघाला आणि जगभरचे लोक चाटच पडले, कारण अॅसिड हाउस या नृत्यसंगीताचा आवाज तर शिकागोत काही वर्षांनी निघाला होता. असा ऐवज तुमच्याही भागात कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला असू शकतो.

माळ्यावरच्या कॅसेट

स्थानिक बँडांचे जुने डेमो कॅसेटवर असतील तर ते डिजिटल करून मूळ बँडच्या परवानगीने चढवणं हे या सेवेचं सर्वात समाधानकारक काम. परवानगी एकट्या गायकाची पुरत नाही, हयात असलेल्या सगळ्या सदस्यांची घ्या.

डेक बरा हवा. हेड, कॅपस्टन (टेप ओढणारा दांडा) आणि पिंच रोलर (टेप त्यावर दाबणारं रबरी चाक) आधी पुसून घ्या. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, रबराच्या रोलरला ते कमीच वापरा. मग अॅझिमथ, म्हणजे टेपच्या तुलनेत हेडचा कोन. हेडच्या बाजूला दोन स्क्रू असतात. त्यांतला स्प्रिंगवर बसवलेला आणि बहुधा रंगाचा ठिपका लावलेला स्क्रू अॅझिमथचा. टेप वाजत असताना आवाज मोनो करा आणि तो स्क्रू किंचित, अगदी पाव फेऱ्याच्या आतच, फिरवा. झांजा सर्वात उजळ ऐकू येतील तिथे थांबा. मोनो यासाठी, की दोन चॅनेल जरा जरी मागेपुढे असले तरी मोनोत वरचे स्वर एकमेकांना खातात आणि चूक लगेच कळते. काम झाल्यावर चांगल्या छापील कॅसेटवर स्क्रू परत जागेवर आणा.

डॉल्बी बी (टेपची खरखर कमी करणारी पद्धत) लावून रेकॉर्ड झालेली टेप डॉल्बी लावूनच वाजवा. नसताना लावलं तर आवाज मंद आणि कोंदट होतो. आवाज एका बाजूने पडत असेल तर कॅसेटमधली फेल्टची गादी निघून आलेली असू शकते. डबी स्क्रूची असेल तर टेपची दोन्ही चाकं दुसऱ्या चांगल्या डबीत घालता येतात.

वेग कसा तपासायचा? रेकॉर्डिंगमध्ये विजेची घरघर बहुतेक वेळा सापडते. जिथे वीज ५० हर्ट्झची, तिथे स्पेक्ट्रममध्ये ती रेघ ५० वर दिसायला हवी. ५१.५ वर दिसली तर टेप ३ टक्के जलद वाजतेय, म्हणजे जवळपास अर्धा सेमीटोन चढी. सॉफ्टवेअरमध्ये तेवढा वेग कमी करा. २४ बिट/४८ किलोहर्ट्झवर, शिखरं उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवून उतरवा. खरखर काढण्याचा मोह आवरा. जास्त काढली की गायक टिनपाट वाटतो, आणि गेलेलं परत येत नाही.

खटकणारं

शोध कच्चा आहे. नाव थोडं चुकलं की बँड सापडत नाही, आणि एकाच नावाचे सहा बँड निघाले तर ओळखायचं कसं ते आपलं आपण बघायचं. वेबवर ऐकताना दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभराची फट पडते. सलग वाहणाऱ्या लाइव्ह अल्बमचा त्यात विचका होतो. फ्लॅक उतरवून घेतलं की ती जाते, पण पहिल्यांदा ऐकणारा उतरवून घेत नसतो. असा अल्बम असेल तर पूर्ण कार्यक्रमाचा एक अखंड ट्रॅक शेवटी जोडा.

मालकीचा मुद्दा मोठा. मार्च २०२२मध्ये एपिक गेम्स या गेम कंपनीने बँडकॅम्प घेतलं, सप्टेंबर २०२३मध्ये ते सॉन्गट्रेडर या संगीत परवान्यांच्या कंपनीला विकल्याचं जाहीर झालं, आणि पुढच्याच महिन्यात निम्म्या लोकांना नारळ मिळाला. साइट चालू आहे, हिश्शाची टक्केवारी तीच राहिली, आणि जानेवारी २०२६मध्ये पूर्णपणे किंवा मोठ्या प्रमाणात एआयने बनवलेल्या संगीताला बंदी घालून त्यांनी बऱ्याच जणांची मनं पुन्हा जिंकली. तरी दीड वर्षात दोनदा हात बदललेल्या कंपनीवर अख्खं दप्तर टाकून निर्धास्त राहणं शहाणपणाचं नाही.

मूळ वॅव्ह, कव्हरच्या फाइली आणि श्रेयाचे कागद दोन डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. जे फुकटच द्यायचं आहे, म्हणजे जुने डेमो आणि लाइव्ह, त्याची एक प्रत इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल संग्रहावरही. ईमेलची यादी आणि विक्रीचा अहवाल सीएसव्हीमध्ये (तक्त्याच्या साध्या फाइलमध्ये) दर महिन्याला उतरवून ठेवा. पान गेलं तरी ज्यांनी पैसे देऊन ऐकलं त्यांचे पत्ते हातात राहतात.

खातं कुणा एकाच्या खासगी मेलवर उघडू नका. गटाचा वेगळा पत्ता करा, पासवर्ड दोघांकडे ठेवा, आणि पेपॅल कुणाच्या नावावर आहे व तो बाहेर पडला तर ते कुणाकडे जाईल हे वाटणीच्याच मेलमध्ये लिहून ठेवा. बँड फुटल्यावर हे विचारायला फोन केला तर तो उचलला जात नाही.